ड्रमची खोली
उन्हाचा त्रास झालेले आजोबा दवाखान्याच्या बाकावर भिंतीला टेकून बसले होते, शेजारी आजी. नंबर पुकारणाऱ्या बाईंना ऐकायचं नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"डॉक्टरांना सांगा, पत्र्याखाली झोपता म्हणून."

"विचारलं तर सांगेन."

"आणि आतल्या गार खोलीत पोराचे वाजवायचे ड्रम ठेवलेत, तेही सांगा."

"पोरानं जाताना बजावलं होतं ना, उन्हानं लाकूड तडकतं."

"माणसाचं काय होतं, ते नाही बजावलं?"

"तू तर त्यावर ओली चादर टाकलीस. कड्या गंजल्या."

"गार राहावं म्हणून टाकली हो. तो वाजवायचा तेव्हा कानात बोळे कोण घालायचं?"

"मीच."

"काल फोनवर काय म्हणाला?"

"आता कुठे वाजवणार, देऊन टाका म्हणाला."

"मग?"

"म्हटलं, एवढा उन्हाळा जाऊ दे."

"गेल्या उन्हाळ्यातही हेच म्हणालात."

बाईंनी त्यांचा नंबर पुकारला. आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"निघताना त्या खोलीचा पडदा ओढलास ना? दुपारचं ऊन थेट आत येतं."

"ओढला. पंखाही चालू ठेवून आलेय."