बुधवारची प्रार्थना

(फिटरच्या घराची पुढची खोली, दुपार. जमिनीवर पाठीवर घ्यायच्या दोन मोठ्या पिशव्या आणि एक ताणकाटा.)

मास्तर : अरे, पुन्हा कशाला वजन करतोस? सकाळीच केलं ना?

फिटर : सकाळी तुझी पिशवी साडेअकरा किलो होती. आता तेरा भरतेय. पाण्याच्या पंपावर तीस वर्षं काटेच वाचतोय मी. काय कोंबलंस हिच्यात?

मास्तर : पवित्र शास्त्र. आणि स्तोत्रांची वही.

फिटर : दीड किलोचं शास्त्र?

मास्तर : मोठ्या अक्षरांचं आहे. आता बारीक दिसतं का आपल्याला?

फिटर : बारा दिवस डोंगर चढायचा-उतरायचाय, मास्तर. तुझा गुडघा आपला जिना उतरतानाच कुरकुरतो. शाळेत भूगोल शिकवतोस ना तू?

मास्तर : बरं बाबा, एक स्वेटर काढून ठेवतो.

फिटर : स्वेटर काढू नकोस, खिंडीत कुडकुडत बसशील. राहू दे तुझं पुस्तक. तंबूच्या काठ्या माझ्याकडे दे.

मास्तर : तुझी आधीच माझ्याहून जड आहे.

फिटर : दे म्हणतो ना!

मास्तर : काय झालंय तुला? आल्यापासून बघतोय, नुसता तोडून बोलतोयस. दोन महिने आपण या दिवसाची वाट बघतोय.

फिटर : काल तुमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटले. मी बुटाचा तळ चिकटवून घ्यायला गेलो होतो, तिथे.

मास्तर : अच्छा. काय म्हणाले?

फिटर : माझा हात धरला. म्हणाले, दर बुधवारी तुमच्यासाठी प्रार्थना करतो आम्ही. या वाटेवर देव तुमचं मन वळवो. वडिलांच्या वेळी जे घडलं, त्याचं ओझं उतरो. मास्तर, वडिलांच्या वेळी काय घडलं, हे त्यांना कुणी सांगितलं?

मास्तर : मी.

फिटर : वडील गेले त्या दिवशी दवाखान्यातून तीनदा फोन आला होता. मी पंप दुरुस्त करत बसलो. आणि पंप चालू होता, मास्तर. काहीच बिघडलेलं नव्हतं. मला त्यांच्यासमोर जायचंच नव्हतं. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. सात वर्षांत एका माणसाला सांगितलं.

मास्तर : वाईट हेतूने नाही रे सांगितलं.

फिटर : बुधवारी किती जण होते?

मास्तर : चौदा.

फिटर : चौदा! त्यातले निम्मे रोज बाजारात भेटतात मला. तरीच म्हटलं, हल्ली सगळे एवढ्या मायेने का बघतात. म्हणजे मी तुझ्यासोबत फिरायला निघालेला दोस्त नाहीच. बारा दिवसांत देवाकडे वळवून आणायचं गिऱ्हाईक आहे.

मास्तर : तसं नाही.

फिटर : मग कसं? सांग की.

मास्तर : वर्ष झालं, मला प्रार्थनाच येत नाही.

फिटर : काय?

मास्तर : चर्चमध्ये पुढे उभा राहून म्हणतो मोठ्याने. सगळे आमेन म्हणतात. घरी येऊन पलंगाच्या कडेला बसतो, डोळे मिटतो, तर काही नाही. नळ सोडावा आणि नुसती हवा यावी, तसं. हे चालायचं खूळ मी काढलं ते माझ्यासाठी. वाटलं, तिकडे कुणी ऐकणारं नसेल, तर कदाचित शब्द येतील.

फिटर : यात माझे वडील कुठे आले?

मास्तर : त्या बुधवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर मलाच विचारलं, मास्तर, तुमच्या मनावर काही ओझं? तेरा वर्षं मी त्या लोकांना शास्त्र शिकवतोय. माझं सांगायची छाती झाली नाही. म्हणून तुझं सांगितलं.

फिटर : हाताशी होतं म्हणून.

मास्तर : हो. हाताशी होतं म्हणून.

फिटर : काठ्या घे तुझ्या. मी येत नाही.

मास्तर : बरोबर आहे तुझं... जरा फोन दे तुझा. माझा घरी राहिलाय.

फिटर : कुणाला करतोस?

मास्तर : हॅलो, पाळकसाहेब? मी मास्तर बोलतोय. हो, तयारी चाललीय. एक सांगायचं होतं. माझ्या मित्राची जी गोष्ट मी बुधवारी सांगितली, ती सांगायचा मला काही अधिकार नव्हता. ती पुन्हा कुणी बोलू नये, एवढं सगळ्यांना सांगा. आल्यावर मी स्वतः उभा राहून माफी मागेन... नाही, त्याने नाही करायला लावला फोन. तो माझ्याकडे पाठ करून बसलाय... आणि प्रार्थना करायची तर माझ्यासाठी करा. मला येत नाही... नाही, नाही, आवाज येतोय नीट. प्रार्थना येत नाही, म्हणतोय मी... हो. वर्ष झालं... बरोबर? बरोबर कोण ते अजून नक्की नाही. ठेवतो.

फिटर : काय म्हणाले?

मास्तर : म्हणाले, बरं झालं सांगितलंत.

फिटर : एवढंच?

मास्तर : एवढंच. काठ्या बांधतो मी माझ्या पिशवीला.

फिटर : अशा नाही बांधत. बाजूने बांध, नाहीतर खांद्यात रुततील. सरक, मी बांधतो. सकाळची गाडी किती वाजताची?

मास्तर : साडेसहाची.

फिटर : उद्या दिवसभर माझ्याशी बोलायचं नाही.

मास्तर : नाही बोलणार.

फिटर : परवा खिंडीचा चढ आहे. बोलायला दमच उरणार नाही.

मास्तर : आणि तेरवा?

फिटर : तेरवा तू तुझं सांग. मी कुणाला सांगणार नाही.