दुकानाचं बारसं

नातीच्या दुकानाचं नाव कसं पडलं, ते विचारता ना, मग ऐका.

माझी नात पल्लवी जपानी धाटणीचे कपडे शिवते. पांढुर्ण्यात दुकान उघडायचं ठरलं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, पेंटर ब्रश घेऊन उभा, आणि बापलेकीचं भांडण काही संपेना.

"अंबिका ड्रेसेस लिहा," माझा मुलगा विलास म्हणाला.

"नाही बाबा, मिकान! आपल्या पांढुर्ण्याच्या संत्र्याले जपानीत मिकान म्हणतात."

"तू काय संत्रे विकून राहिली? हे नाव लागलं तर मी उद्या येत नाही."

पोर रडायला लागली. मी हळूच म्हणालो, "नाव ठेवायचा मान आत्याचा असते. तिले बोलवा."

विलासने तोंड फिरवलं. पल्लवीची आत्या म्हणजे माझी मुलगी शोभा, ती सौसरला राहते. घरातल्या एका लग्नातल्या मानपानावरून ती आणि विलास सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तरी पल्लवीने फोन लावला.

दुपारी शोभा आली. भावाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पल्लवीपुढे कान केला, "सांग बाई."

पल्लवी कुजबुजली. शोभा पेंटरला म्हणाली, "मिकान लिहा. मी ठेवलं."

विलास ताडकन उठला. मी मधे पडायला उठलो. तो शोभाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि बारशाला आत्याला घालतात तसा त्याने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"हळू मार ना रे, दादा!" शोभा ओरडली.

दादा म्हणाली हो ती त्याला.