शेवटच्या रांगेतली खुर्ची

बाप : बोल ना. अख्ख्या वाद्यवृंदाला एका काडीवर नाचवतोस, आणि बापाशी बोलायला दार लावून घ्यावं लागतं?

मुलगा : बाबा, आधी बसा.

बाप : कार्यक्रमभर बसलोच होतो. शेवटच्या रांगेत, तुझ्याच हुकमाखाली.

(रंगमंचामागची खोली. बाप आपलं व्हायोलिन फडक्यानं पुसतोय.)

मुलगा : तुमचा हात थरथरतो. मागच्या रांगेतून खरखर येते. आजही आली. समितीनं ठरवलंय, पुढच्या महिन्यापासून तुमच्या जागी दुसरं कुणीतरी.

बाप : समितीनं?

मुलगा : मीच सांगितलं त्यांना.

बाप : हं. बरं केलंस स्वतः आलास. दुसऱ्याच्या तोंडून जास्त झोंबलं असतं.

मुलगा : चिडा तरी.

बाप : चिडून झालं रे, तू व्हायोलिन ठेवून ती काडी उचललीस तेव्हाच. शाळा सुटली की घासून घ्यायचो तुझ्याकडून. हनुवटीखाली घट्टा पडला होता. आणि एक दिवस म्हणतोस, बाबा, मला वाजवायचं नाही, वाजवून घ्यायचंय. शेजारी विचारायचे, मुलगा काय करतो? मी सांगायचो, कंडक्टर आहे. तर म्हणे, कुठल्या गाडीवर?

मुलगा : मी खरखरीचं बोलतोय.

बाप : ती माझी नाही.

मुलगा : बाबा, आता पुरे.

बाप : या अख्ख्या हंगामात माझा गज तारेला लागलेला नाही. केसभर वर धरतो. सगळ्यांबरोबर वर, सगळ्यांबरोबर खाली. हात थरथरतो हे तुझ्याआधी मला कळलं होतं. तुझा कार्यक्रम मी नासवीन होय?

मुलगा : मला कळलंच नाही.

बाप : नाही कळलं. तेवढंच लागलं. प्रत्येक तालमीला वाटायचं, आज हा थांबेल. म्हणेल, एक आवाज कमी आहे, आमच्या म्हाताऱ्याचा.

मुलगा : समितीशी बोलतो मी. उद्याच.

बाप : काय सांगशील? म्हातारा वाजवतच नाही, तेव्हा ठेवून घ्या?

मुलगा : मग येत कशाला होतात? मुका गज ओढायला?

बाप : लोकांना तुझी पाठ दिसते. तोंड फक्त आम्हा वाजवणाऱ्यांना. तो संथ भाग आला ना, की तू डोळे मिटतोस. लहानपणी माझ्यासमोर वाजवताना मिटायचास, अगदी तसेच. तेवढं बघायला यायचो.

मुलगा : बाबा...

बाप : पेटीचं झाकण धर. बिजागरी ढिली झालीय.

मुलगा : पुढच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी. बरोब्बर मधली.

बाप : ठेव. आणि हा कोट शिवायला टाक. मघाशी दार लावायला वळलास तेव्हा दिसलं, पाठीवरची शिवण उसवलीय. आता मला तीच दिसणार.