चालतंय तोवर

...आता तुम्हीच सांगा, मला झालंय काय? काही नाही! भूक लागते, झोप लागते, लिफ्ट बंद पडली की सहा मजले चढतो... चढावंच लागतं, लिफ्ट दुरुस्त करणारा मीच ना! तरी रोज जेवण झालं की बायको समोर उभी, एका हातात पाणी, दुसऱ्या हातात गोळी. कसली गोळी? तर न झालेल्या कॅन्सरची!

हसू नका हो. तुम्हाला सांगतो, आमचे बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले, मग काकाही त्यानेच, म्हणून डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं, तर कॅन्सर ओढवणारा घराण्यातला दोष माझ्यातही निघाला! बाबांनी मागे ठेवलं काय, तर एक तेलाची बुधली आणि हे! बाई म्हणतात कशा, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा, "रोज ॲस्पिरिन घ्यायची, आणि ठरल्या वेळी कॅमेऱ्याने तपासणी. धोका पुष्कळ कमी होतो." म्हटलं, गुण कधी येणार? "काही वर्षांनी." आणि कळणार कसं? "काही झालं नाही, म्हणजे समजायचं." ऐकलंत? मी हातच जोडले. म्हटलं, बाई, चालतंय ना? मग कशाला उघडून बसायचं!

बोललो आणि जीभच चावली... कारण हे वाक्य माझं नव्हतंच! ते आमच्याच बिल्डिंगमधल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीण काकूंचं!

बाबाही लिफ्टचेच मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी मला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये न्यायचे. काय तो ग्रीसचा वास! अजून कुठे आला की मी पुन्हा हाफ चड्डीत जातो... बाबा मोटरपाशी कान नेऊन, डोळे मिटून ऐकत बसायचे. म्हणायचे, "ऐक, खूश आहे बघ आज!" तेवढ्यात खालून काकू, "अहो, चालतेय ना? मग कशाला उघडून बसलात? हातात पिशव्या आहेत माझ्या!" आणि वरून बाबा, "वहिनी, चालतेय तोवरच हात लावायचा असतो! बंद पडल्यावर काय, जिन्यात बसून रडायचं?"

उभ्या आयुष्यात त्यांची लिफ्ट कधी मध्ये अडकली नाही. कुणी आभार मानले? मानणार कसे, काही झालंच नव्हतं!

आणि स्वतःचं पोट? कित्येक महिने दुखत होतं. आई म्हणायची, "अहो, दाखवून या ना." बाबा म्हणायचे, "चालतंय गं!" मोटरची एवढीशी खरखर ऐकू यायची त्या माणसाला, आणि... जाऊ दे. फार आठवण येते हो त्यांची. ते गेले तेव्हा जेवढ्या वयाचे होते, तेवढाच आज मी आहे.

हे सगळं बायकोला सांगितलं, तिथेच फसलो! आता मी जरा कुरकुर केली की ती बाबांसारखा घसा खाकरते, "चालतंय तोवरच हात लावायचा असतो!" बाबांपुढे बोलायची माझी काय प्राज्ञा? गिळतो मुकाट्याने!

परवा लिफ्टचं काम आटोपून खाली आलो, तर दारात काकू, हातात पिशव्या. आता पार वाकल्यात, पण आवाज तोच. "काय रे, गोळ्या घेतोस म्हणे? आला का काही गुण?"

म्हटलं, "काही झालं नाही, काकू."

"मग कशाला घेतोस?"

लिफ्टचं दार उघडून धरलं, पिशव्या आत ठेवल्या, म्हटलं, "या आत, काकू. चालतेय."