अ‍ॅमेझॉनला निघालेली झरीन

कळंबच्या स्टँडवर शरणम्मा भूमच्या एसटीची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकड्यावर एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. त्यांचं बोलणं सुरू झालं आणि शरणम्माचे कान तिकडंच लागले.

“झरीन, अजून सांगते, घरी चल. नदी बघायला ब्राझीलला कशाला? आपली मांजरा हाय की.”

“अम्मी, अ‍ॅमेझॉनला पूर आला की जंगल महिनोन्‌महिने पाण्यात राहतं. मासे झाडांमधून पोहतात, पडलेली फळं खातात. त्याच माशांवर मला काम मिळालंय.”

“आन् तू राहणार कुठं?”

“पाण्यावर. तरंगतं घर असतं.”

“तुला तर पोहता येत न्हाय.”

“शिकले. पुण्यात.”

“मला बोलली न्हाईस.”

“तू अडवलं असतंस.”

“अब्बांना तरी ठावं हाय का?”

“त्यांना वाटतंय, मी पुण्यालाच चालले.”

भूमची गाडी लागली. शरणम्मा उठली नाही.

“अम्मी, पुण्याची आली. जाऊ का नको, तूच सांग.”

आईनं बॅग उचलली आणि गाडीच्या दारात नेऊन ठेवली.

“चढ. अब्बांना मी सांगते.”