गोणधारेची वाट

“हॅलो? …हॅलो, कोण? …बबलू! बोल, बोल. थांब, मी खुंट्याजवळ जातो, इथं आवाज तुटून राह्यला… हां. आता येऊन राह्यला. बोल.”

देवसिंगच्या अंगणात फोनची रेंज एकाच जागी मिळायची, बैलाच्या खुंट्याजवळ. बैल विकून चार वर्षं झाली होती, खुंटा तेवढा फोनसाठी ठेवला होता. तो धरून देवसिंग उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग बबलूची आई, म्हणजे त्याची याडी, रुपीबाई हातातलं पीठही न झटकता बाहेर आली.

“…मराठीत काहून बोलून राह्यला बे? मी आपल्या गोरमाटी बोलीत बोललो तं… कोणी बाजूले आहे का? …हां, हां. बरं. मीबी मराठीतच बोलतो.”

पुण्यात नोकरीला लागल्यापासून बबलू तांड्यावर आला नव्हता. तीन वर्षं. आणि कालच चुलत्याचा नेमसिंग सांगून गेला होता की येत्या रविवारी बबलू पुण्याचे मित्र घेऊन डोंगरातली गोणधार बघायला येतोय. धबधबा पाहून त्याच दिवशी परत. तेव्हापासून रुपीबाईनं नवऱ्याला तीनदा बजावलं होतं: वाट फोनवर सांगायची नाही. घरी ये, मग दाखवतो, एवढंच म्हणायचं. गोणधारेची वाट तांड्यात आता एकट्या देवसिंगला पुरती ठाऊक होती आणि पोराला कधी नव्हे ते बापाकडून काहीतरी हवं होतं. रुपीबाईचा डाव साधा होता, पण नवरा भोळा होता.

“हो, सांगतलं नेमसिंगनं. इतवारी ना? …किती जण? …सहा! वा वा. मंग असं करा, शनवारी संध्याकाळीच या. इथं झोपा, पहाटी निघू… नाही? …हॉटेल केलं का पुसदले. बरं. केलं तं केलं. …मंग इतवारी सकाळी जेवाले या. तुह्या याडीनं कोंबडा राखून ठेवला… अरे, कवाचा राखला… कोणीच नाही खात? सहाच्या सहा? …मंग भाकर-बेसन करते ती. बेसन तं खातेत ना पुण्याचे? …खाणं संगं आणून राह्यले. बरं, बरं.”

रुपीबाईनं मान तिरकी करून विचारलं, काय म्हणतो? देवसिंगनं हातानंच सांगितलं, थांब, जमतंय. जमत काहीच नव्हतं.

“वाट? वाट सांगतो ना घरी आल्यावर. …अरे, सोपी आहे… तांड्याकडं वळाचंच काम नाही? कसं काय नाही? …हां, खालच्या तलावापासून जाता येते, पण… हो, गाडी येते तलावापर्यंत. …नाही, नाही! तिथून नाला धरू नको. नाला फसवते. नाल्याच्या उजव्या अंगानं धावड्याच्या झाडीतून बैलाची जुनी वाट आहे…”

इथं देवसिंग घसरला. त्याचाही फारसा दोष नव्हता. त्याचा पणजा तीस बैलांवर मीठ आणि धान्याच्या गोणी लादून हा घाट उतरायचा. त्या घरात पोरांना गोष्टी कमी आणि वाटा जास्त सांगितल्या जात. कुणी वाट विचारली आणि आपण ती गिळून बसलो, असं या घराण्यात कुणाकडून झालंच नव्हतं. शिवाय पोरानं गेल्या तीन वर्षांत एवढ्या आस्थेनं त्याला काही विचारलंही नव्हतं. तो डोळे मिटून बोलू लागला आणि गुडघे दुखत असूनही मनानं चढणीला लागला.

“…तिथं खडकाले खळगे पडलेले दिसतीन. बैलाच्या खुरानं पडलेले, हो. ते खळगे पाह्यत चाल, चुकशीन नाही. मंग एक चपटा गोटा लागते, दोन माणसं झोपतीन एवढा. आपले लोक तिथं गोणी उतरवत, बैल पाण्यावर सोडत. …म्हणून तं गोणधार! तुले माहीतच नव्हतं? …आता त्या गोट्यावरून वर पाह्यलं का चिंध्यायचं झाड दिसते. लहानपणी नेलतं मी तुले, खांद्यावर बसवून. अंगावरच्या कपड्याची चिंधी बांधल्याबिगर पुढं जाचं नाही म्हटलं, तं तू चड्डीची नाडीच सोडून बांधली! मंग घरापर्यंत एका हातानं चड्डी धरून… हॅ हॅ… आठवत नाही? …बरं, नसन आठवत. लहान होता. …हां, तं त्या झाडापासून पुढं…”

रुपीबाईनं पिठाच्या बोटांनी त्याचा दंड असा काही धरला की देवसिंगनं डोळे उघडले. आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. तीन हिस्से वाट तर त्यानं देऊनही टाकली होती. उरलं होतं फक्त शेवटचं वळण.

“…पुढचं घरी आल्यावर. …तसं नाही रे. पुढचं फोनवर समजत नाही. …घरी ये, चहा घे, पाच मिन्टं. गाडी बंदही नको करू, चालूच ठेव. …उशीर होते. हो, तेबी आहे. …मंग मीच येतो संगं. …गाडीत जागा नाही? मी कायले गाडीत बसतो! तुमच्या आधी तलावावर जाऊन बसतो, पायी. …गुडघ्याले काही नाही झालं. कोणी सांगतलं तुले? …मी काही बोलणार नाही त्यायच्यासंगं. पुढं पुढं चालीन, बस. तुमाले उतरवून देईन आन् माह्या वाटनं परत जाईन.”

पलीकडून लांबलचक काही सांगितलं जात होतं. देवसिंग नुसता “हं, हं” करत होता आणि प्रत्येक “हं” आधीच्याहून लहान होत होता. रुपीबाईला ते हुंकार चांगलेच कळत होते. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग डोंगराकडं दाखवलं. मी जाते, झाडापर्यंत.

“बरं, मी नाही येत. ऐक ना… ऐक तं खरं. तुही याडी चिंध्यायच्या झाडाजवळ येते. तुह्या नावाची चिंधी बांधाची राह्यली म्हणते, तीन वर्साची. ती नुसती उभी राह्यते बाजूले. तू जाता-जाता तिच्याकडं पाह्य, झालं. बोलू बी नको. …अरे, घेराचा फेटिया नाही घालणार ती! साडी नेसन. हिरवी साडी आहे तिच्यापाशी, चांगली. …कोणाले समजणार नाही. …बांगड्याबी काढून ठेवीन म्हणते.”

रुपीबाई असं काही म्हणाली नव्हती. दंडापर्यंतच्या त्या बांगड्या लग्नापासून तिच्या हातात होत्या आणि बाळंतपणातही तिनं त्या उतरवल्या नव्हत्या. देवसिंगनं तिच्याकडं पाहायचं टाळलं. तिनं दोन्ही हात पुढं धरून क्षणभर पाहिले आणि मान हलवली. काढते म्हण.

“…हॅलो? …हॅलो, आहे का? …हां. बरं. …नाही, समजलं. …राग कायचा बावा. नाही येत ती बी.”

आता मात्र देवसिंगला फार वाईट वाटलं. स्वतःचं नव्हे, तिच्या त्या पुढं धरलेल्या हातांचं. एक गोष्ट अजून त्याच्या मुठीत होती, शेवटचं वळण. ते गिळून बसलं तर पोराला आज ना उद्या दारात यावंच लागेल, असं त्याला वाटलं आणि तो गप्प राहिला. चांगला पाच-सहा श्वास गप्प राहिला.

“…मंग तुमी जासान कसे? …मोबाइलवर पाहून? कोणी टाकलं ते? …कोणत्या अंगानं दाखवते? …डाव्या? झाडापासून डाव्या? …अरे, नाही! नाही, नाही, बबलू, डाव्या अंगाले नको जाऊ. तिथं कडा आहे… वरून गवत दिसते, खाली सारं पोकळ. बाबूसिंगचा गोऱ्हा मागच्या साली तिथूनच… हसू नको, बबलू! मी घरी बलावाले नाही सांगून राह्यलो. तुही शपथ, घरी नको येऊ, पण डाव्या अंगाले जाऊ नको. …उजवीकडं. झाडाले पाठ करून उभं राह्यचं आन् उजव्या हाताकडं. साठ पावलं. मंग मोहाचं झाड, त्याले धरून खाली उतराचं, पाण्याचा आवाज येते. …कोण लिहून घेते? …फोन स्पीकरवर टाकला? …हां. हां, नमस्कार, नमस्कार. …सलोनी मॅडम का? लिहा मॅडम. उजवीकडं. साठ पावलं. मोहाचं झाड. …आमाले कायचा त्रास! …हो, ओल्या गोट्यावर पाय नका देऊ. …काय म्हणता? …मी?”

तो थांबला. सलोनी मॅडमनं सरळ विचारलं होतं, तुम्ही बबलूचे कोण? बबलू तिथंच, फोनजवळ होता. उत्तर त्यानं द्यायचं होतं. देवसिंगनं वाट पाहिली. रुपीबाईही त्याच्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. फोनमध्ये कुणाची तरी खुर्ची सरकली, कुणी तरी खोकलं. तो खोकला देवसिंगनं ओळखला, लहानपणापासूनचा होता.

“…मी इथलाच आहो, बाई. तांड्यातला. वाट माहीत आहे म्हणून फोन केला त्यानं. …हो, हुशार आहे पोरगा. …हो, चिंधी बांधाची असते. नाही बांधली तरी चालते. …जरा बबलूले द्या ना फोन… बबलूले… हॅलो? …हॅलो?”

त्यानं फोन कानापासून दूर धरून पाहिला. रेंज होती, भरपूर होती.

“येते का पोरगा?” रुपीबाईनं विचारलं.

“वाट समजली त्यायले,” देवसिंग म्हणाला.

बोटांवर पीठ वाळलं होतं, ते रुपीबाई नखानं खरवडत राहिली. वाट सांगू नको म्हणून कालपासून घसा फोडणारी ती बाई आता कडाडेल, या भीतीनं देवसिंगनं खुंट्यावरचा हात काढला.

“उजव्या अंगाचीच सांगतली ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“आन् त्यानं लिहून घेतली?”

“त्यानं नाही. त्या बाईनं.”

“बरं केलं,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.