पाहिजेत : बायकांच्या डॉक्टर

काका : ‘सेवाभावी वृत्तीच्या.’ झालं लिहून? पुढे. ‘चोवीस तास उपलब्ध.’ पुढे. ‘विवाहित असल्यास पतीची लेखी संमती जोडावी.’

पुतणी : थांबा, थांबा. पतीची काय?

काका : संमती. टाईप कर गं, फटाकडे. तुझी बोटं भरभर चालतात म्हणून बोलावलंय, तोंड चालतं म्हणून नाही.

पुतणी : हाडांचे डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या बायकोची चिठ्ठी मागितली होती?

काका : त्यांचं वेगळं.

पुतणी : काय वेगळं? हाडं?

काका : बाईमाणूस नवऱ्यामागे निघून जातं, मग बसा बोंबलत. आठ वर्षांत ही चौथी डॉक्टर चालली. दवाखाना समितीचा अध्यक्ष म्हणून लोक माझी गचांडी धरतात. शनिवारी ही गेली की बायकांना बघायला कोण? माझ्याच लेकीला, तुझ्या ताईला, आठवा सरलाय, रक्तदाब चढतोय. मोठं हॉस्पिटल इथून अडीच तास. मी काय हौस म्हणून जाहिरात देतोय?

पुतणी : ताईसाठीच तर जीव तुटतोय माझा! चौघी गेल्या. एकीला तरी विचारलंत, का जाताय म्हणून?

काका : त्यात विचारायचं काय? पहिलीचं लग्न ठरलं. दुसरीला शहर हवं होतं. तिसरी नाजूक होती, उठसूट रडायची.

पुतणी : आणि ही?

काका : हिला तर काय कमी केलं आपण? आल्या आल्या सत्कार केला. दारात कमान बांधली. भला मोठा फोटो लावला.

पुतणी : फोटो बाळंतपणं करतो का, काका?

काका : जीभ आवर!

(दारावर टकटक. डॉक्टरबाई आत येतात.)

डॉक्टर : अध्यक्षसाहेब, क्वार्टरच्या किल्ल्या आणल्यात. आज सामान पुढे गेलं, शनिवारी जाईपर्यंत मी दवाखान्यातच झोपेन.

काका : या, या, बाई. बसा. ही आमच्या भावाची मुलगी. जाहिरात टाईप करतेय.

पुतणी : डॉक्टर, तुम्ही का चाललात?

काका : अगं ए!

डॉक्टर : असू दे. राजीनामा देऊन महिना झाला, कुणीतरी विचारलं एकदाचं. तपासणीची खोली बघितलीयस तू?

पुतणी : हो, ताईबरोबर आले होते. सारखं कुणीतरी पडद्याला घासून जात होतं. ताई नुसती आक्रसून पडली होती.

डॉक्टर : मागच्या गोदामाची वाट त्याच खोलीतून आहे. औषधांची खोकी, बादल्या, ऑक्सिजनच्या टाक्या, सगळं तिथूनच. बाई टेबलावर आडवी आणि हमाल म्हणतो, ‘चालू द्या तुमचं.’ गोदामाला बाहेरून एक दार पाडा म्हणून मी तीन अर्ज दिले.

काका : भिंत जुनी आहे, बाई. इंजिनिअरला दाखवायला हवी.

पुतणी : कमानीला नाही लागला इंजिनिअर?

काका : तू टाईप कर.

डॉक्टर : दाराचं मी सोसलं असतं. पण भूल देणारे डॉक्टर इथे मंगळवारी आणि शुक्रवारी येतात.

पुतणी : म्हणजे बाळांनी वार बघून यायचं!

डॉक्टर : गेल्या वर्षी एक बाई बुधवारी आली. पोट फाडून बाळ काढायला हवं होतं, आणि भूल द्यायला कुणी नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलला न्यायला निघालो. मी गाडीत तिच्या शेजारी बसले होते. अर्ध्या वाटेत दोघंही गेली.

पुतणी : ती काचा फुटल्या तेव्हाची?

डॉक्टर : हो. तिच्या घरच्यांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या, माझ्या अंगावर खुर्ची आली. त्याचंही समजू शकते मी, त्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी समितीनं माझ्याकडून माफीपत्र घेतलं. मजकूर तयारच होता. ‘माझ्या हयगयीमुळे.’ मी सही केली.

पुतणी : मजकूर कुणी लिहिला? काका?

काका : वातावरण तापलं होतं. दवाखाना पेटवला असता लोकांनी. कुणीतरी नमतं घ्यायला नको?

पुतणी : कुणीतरी म्हणजे जी गाडीत तिचा हात धरून बसली, तीच? रोजचा भूल देणारा आणायचं काम कुणाचं होतं? समितीचं! मग माफी तुम्ही का नाही मागितलीत? हयगय तुमची आणि सही ह्यांची! मला लाज वाटतेय, काका. खरंच लाज वाटतेय.

काका : तेव्हा दुसरं काही सुचलं नाही गं.

पुतणी : डॉक्टर, शहरात तरी बरं असेल ना?

डॉक्टर : शहरात काय सोनं लागलंय! तिथेही तासाला दहा-बारा बायका. पण तिथे आम्ही तिघी आहोत. मला ताप आला तर मी झोपू शकते. इथे तीन वर्षांत मी आजारी पडले नाही, कारण पडायला जागाच नव्हती.

काका : आणि माझ्या लेकीचं, बाई?

डॉक्टर : तिची चिठ्ठी लिहून ठेवलीय. ह्याच आठवड्यात तिला मोठ्या हॉस्पिटलजवळ न्या, खोली घेऊन राहा. तुमच्याकडे गाडी आहे, तिचं निभेल. माझ्या यादीत अशा अजून अकरा जणी आहेत. त्यांच्याकडे गाडी नाही.

पुतणी : खोडलं!

काका : काय खोडलंस?

पुतणी : सेवाभाव, चोवीस तास, नवऱ्याची चिठ्ठी, सगळं. ऐका आता. ‘बायकांच्या दोन डॉक्टर पाहिजेत. एक रजेवर गेली तर दुसरी असेल. भूल देणारे डॉक्टर रोज असतील. तपासणीच्या खोलीतून कुणी ये-जा करणार नाही. काही वाईट घडलं तर समिती पुढे उभी राहील.’

काका : अगं, ह्यातलं एकही आज नाहीये आपल्याकडे!

पुतणी : मग करा! नाहीतर पाचवी येईल, ती पण रडेल, आणि तुम्ही म्हणाल नाजूक होती.

काका : दोन डॉक्टर... समितीत भांडावं लागेल मला.

पुतणी : लोकांशी भांडायचं नव्हतं म्हणून ह्यांना वाकवलंत. आता समितीशी भांडा.

काका : बरं. राहू दे तसंच. खाली माझा नंबर टाक.

पुतणी : तुमचा कशाला? अर्ज करणारीला तुम्ही कमानीचं सांगाल. खाली लिहिते, ‘अधिक माहितीसाठी आधीच्या डॉक्टरांना विचारावे.’ डॉक्टर, चालेल तुमचा नंबर?

काका : काहीतरीच काय!

डॉक्टर : चालेल. घे लिहून.

काका : बाई... फोन आला तर काय सांगाल?

डॉक्टर : त्या दिवशी इथे जे असेल, ते.